दुपारी बारापासून

झोप येत नाहीये ना कुणाला? मला माहीतच होतं. चर्चच्या या तळघरात पहिल्या रात्री कुणाचाच डोळा लागत नाही. खाट अरुंद, पांघरुणाला दुसऱ्याच कुणाचा तरी वास, आणि वरचे पाइप सारखे ठकठक करतात. वसतिगृहं परवा उघडणार, भाड्याच्या खोल्यांचे करार उद्या दुपारी बारापासून सुरू होणार, आणि विमानं मात्र आजची. दर जानेवारीला हाच घोळ. इतकी वर्षं बघतोय, कुणाला सुधारावासा वाटत नाही.

आणि दानियार, तू कुठे निघालास जाकीट चढवून? मालक म्हणाला, खोली रिकामीच आहे, आजच जाऊन राहा? फार दयाळू आहे रे तुझा मालक! बस जरा. शेवटची बस मीच चालवतो, तुला सोडायचं तर मीच सोडणार. आधी ऐकून घे, मग जायचं तर खुशाल जा. मी काही हात धरणार नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यावर बेतली ती आमच्याकडचीच मुलगी. एफुआ क्वांसा. आफ्रिकेतल्या केप कोस्टची, म्हणजे माझ्या आईच्या माहेरची. तुम्ही सगळे मला अंकल एबो म्हणता ना, ते तिनेच सुरू केलं. त्याआधी मी नुसता 'ड्रायव्हर' होतो.

तारीख सांगतो. दोन जानेवारी, दोन हजार अठरा. मंगळवार. त्या आठवड्यात मिशिगनमध्ये थंडीने कहर केला होता. रात्री पारा शून्याखाली वीस-बावीसपर्यंत जायचा. श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. 

एफुआ मातीचा अभ्यास करायला आली होती. वर्षाच्या मध्यावर प्रवेश मिळालेली, त्यामुळे वसतिगृहात जागा नाही. ऑक्टोबरपासून तिकडे घरी बसून खोली शोधत होती. रात्री-अपरात्री उठून इथल्या घरमालकांना फोन करायची. सगळ्यांचं एकच पालुपद: अमेरिकेत कमावणारा जामीनदार आण. आता केप कोस्टमध्ये मासे विकणाऱ्या बाईच्या मुलीने अमेरिकेतला जामीनदार आणायचा कुठून? एकाने तर विचारलं, तुमच्याकडे वीज असते का हो? ती म्हणाली, "नाही ना, हा फोन मी चुलीत फुंकर मारून लावलाय." झालं, ती खोलीही गेली.

जिभेला हाड नाही पोरीच्या. मला तर फार आवडायची.

शेवटी एक जण भेटला. डेकर. जामीनदार नको, काही नको. वर्षाचा करार करायचा, आणि मध्येच सोडून गेलात तर अनामत विसरायची, एवढीच अट. तिने सही केली. घरून निघायच्या दिवशी त्याचा फोन आला. करार तीन तारखेला दुपारी बारापासून आहे, पण तू दोनलाच पोचतेस ना? मग ये. खोली रिकामी आहे. दाराशी चावीची डबी आहे, आकडे जुळवलेस की उघडेल. किती भला माणूस, असं तिच्या आईलाही वाटलं.

रात्री दहा चाळीसच्या माझ्या शेवटच्या फेरीला ती चढली. दोन मोठ्या बॅगा, उसना कोट, आणि पिशवीत शितोची, म्हणजे आमच्याकडच्या सुक्या मासळीच्या तिखट चटणीची, बरणी. वास आला आणि माझे डोळेच भरून आले. मी विचारलं, कुठली गं तू? मग काय, सुरूच झाली. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"उतरायचं कुठे?" मी विचारलं.

"वॉलनट रस्ता. सहाशे चौदा."

माझे हात चाकावर होते. तिथेच गार पडले.

मी म्हटलं, "आजची रात्र चर्चमध्ये झोप. खाटा आहेत, गरम सूप आहे. उद्या दुपारी मी स्वतः तुझ्या बॅगा वर चढवतो."

"अंकल, तीन महिने मी या गावातल्या लोकांची मनधरणी केली. आता कुठे एक छप्पर माझ्या नावावर झालंय. आणि मी तळघरात निजू?"

"एका रात्रीचा प्रश्न आहे गं."

"एका रात्रीचा असो नाहीतर एका तासाचा. माझी खोली आहे, मी माझ्या खोलीत झोपणार."

मी पुढे काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. का नाही बोललो, तेही सांगतो, पण जरा वेळाने.

माझी एक सवय आहे. शेवटच्या फेरीला कुणाला सोडलं की घरात दिवा लागेपर्यंत मी गाडी हलवत नाही. त्या रात्रीही थांबलो. ती बॅगा ओढत घराच्या बाजूने मागच्या दाराकडे वळली, दिसेनाशी झाली. दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उजळली. माझा जीव भांड्यात पडला. निघालो.

दुसऱ्या दिवशी एफुआने मला सांगितलं, त्या डबीशी ती चांगली वीस मिनिटं झटत होती. बोटं बधिर झालेली, आकडे फिरेनात. मी गेलो तेव्हा ती अजून खालीच होती.

...हो. खालीच.

हसू नकोस दानियार. पुढे ऐक.

ती वर पोचली. घरात दुसरं कुणी नव्हतं. खालच्या दोन्ही मजल्यांवरची मुलं सुट्टीला गेलेली. वरच्या खोलीत दिवा जळत होता. तिला वाटलं, मालकाने माझ्यासाठी लावून ठेवलाय. खोली बरी होती. उतरतं छत, एक पलंग, एक खुर्ची, हात धुवायचं बेसिन, आणि खिडकीखाली वाफेचा हीटर, हात लावला तर भाजेल इतका तापलेला. तिने ओले मोजे त्याच्यावर वाळत घातले. आईला कळवायचं होतं, पण फोनमध्ये इथलं कार्ड नाही आणि घराच्या इंटरनेटचा पासवर्ड नाही. म्हटलं, सकाळी बघू.

मग तिने फॉर्म काढला. तुम्हालाही मिळेल उद्या. खोलीत शिरताना काय काय मोडकं आहे ते लिहून मालकाची सही घ्यायची. सात दिवसांत दिला नाहीत तर आधीची सगळी मोडतोड तुमच्या माथी. एफुआ मासळीबाजारात वाढलेली. माल हातात घेतल्या घेतल्या तपासायचा, ही सवय. भिंतीला ओल, लिहिलं. खिडकीची काच तडकलेली, लिहिलं. बेसिनचा नळ गळतो, लिहिलं. एकेका ओळीवर पेन टेकवत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती.

बाराला दहा कमी होते. दारावर टकटक झाली.

बाहेरच्या नाही. खोलीच्या दारावर.

तिला वाटलं, खालच्या मजल्यावरचं कुणीतरी परत आलं असेल. उघडलं. दारात एक मुलगी उभी. हिच्याच वयाची, पण बारीक चणीची. अंगात सुती जाकीट. पायांत कापडी बूट. छातीशी प्लास्टिकची फाइल घट्ट धरलेली, शेजारी एक बॅग. केसांवर, खांद्यांवर बर्फ.

"माफ कर हं," ती मुलगी म्हणाली. "दुपार झाली का?"

"काय?"

"दुपारचे बारा. माझी खोली दुपारी बारापासून आहे."

"तुझी खोली कुठली?"

मुलीने हिच्या खांद्यावरून आत बघितलं. पलंगाकडे, खिडकीकडे. "हीच."

एफुआच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे तिला तसं वाटलं. मालकाने एकच खोली दोघींना दिलीय! म्हणून जामीनदार नको, म्हणून एवढा गोड बोलत होता. भामटा मेला!

"हे बघ," ती म्हणाली, "ही खोली माझी आहे. माझ्याकडे करार आहे, सहीनिशी. तुझा कागद दाखव."

मुलीने फाइल पुढे केली. एफुआने आतला कागद तिथेच, दारात उभ्या उभ्या वाचला. वॉलनट रस्ता, सहाशे चौदा. तिसरा मजला. खाली सही, डेकरची. तीच, शेपटी ओढलेली. वर भाडेकरूचं नाव टाइप केलेलं: मारीसेल. गाव इलोइलो, फिलिपिन्स.

"फसवलंय त्याने आपल्याला," एफुआ म्हणाली. "तुलाही आणि मलाही. तुझ्याशी माझं काही भांडण नाही. उद्या येऊ दे त्याला, दोघी मिळून त्याची चांगली हजेरी घेऊ. पण आज मी इथून हलणार नाही, आधीच सांगून ठेवते."

मुलगी कागदासाठी हात पुढे करून उभीच होती.

कागद परत देताना एफुआचं लक्ष तारखेकडे गेलं.

तीन जानेवारी.

एकोणीसशे सत्त्याण्णव.

चुकून छापलं असेल... तिने पुन्हा वाचलं. चुकलेलं नव्हतं. कागद पिवळा पडला होता. कडांना मऊ झाला होता. आणि बोटांना... इतका गार, की बोटं चिकटली.

तिने मान वर केली.

खोली उबदार होती. तिचे मोजे एव्हाना वाळलेही होते. दोघी पाच मिनिटं दारात उभ्या होत्या.

त्या मुलीच्या केसांवरचा बर्फ तसाच होता.

एक कणही वितळला नव्हता.

"तू कधी जाणार?" मुलीने विचारलं. हळू. रागाने नाही. "सगळ्या जातात. मला बघितलं की पळतात. मग सकाळी तो येतो, खोलीला कुलूप लावतो... आणि मी परत बाहेर."

एफुआने जिन्याकडे बघितलं.

पळायचं कुठे? जिना त्या मुलीच्या मागे. बाहेर शून्याखाली बावीस. बस गेलेली. फोन लागत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

नळाचा थेंब पडला.

आणखी एक.



...

सांगतो, सांगतो. मला जरा ती पाण्याची बाटली दे.

मी तुम्हाला सांगणार होतो ना, मी बसमध्ये गप्प का राहिलो ते. सत्त्याण्णव साली मीही तुमच्यासारखाच विद्यार्थी होतो. शिकत होतो आणि रात्री हीच बस चालवत होतो. दोन जानेवारीला शेवटच्या फेरीला एक मुलगी चढली. सुती जाकीट. कापडी बूट. बर्फ तिने जन्मात पहिल्यांदा बघितला होता, सारखी काचेला नाक लावून बसली होती. मला म्हणाली, मालकाने आजच यायला सांगितलंय, चावी दाराशी ठेवणार आहे. मी तिला वॉलनट रस्त्याला उतरवलं. शुभ रात्री म्हटलं. आणि मला झोप आली होती म्हणून लगेच गाडी काढली.

चावी तिथे नव्हती. डेकर कुठल्या तरी पार्टीला गेला आणि विसरला. घर रिकामं. तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. तिने बेल वाजवली असेल, वाट बघितली असेल. शेजाऱ्यांचं दार ठोठावायला परक्या देशात तिला संकोच वाटला असेल. सकाळी वर्तमानपत्र टाकणाऱ्याने बघितली. पायरीवर बसलेली होती. फाइल मांडीवर.

आणि डेकर पोलिसांना काय म्हणाला? तिचा करार दुपारी बारापासून होता. एक रात्र आधी ती माझ्या दारात आली, त्याला मी काय करू? कागदाप्रमाणे बरोबर होतं त्याचं. सुटला.

मी सुटलो नाही. एफुआला खरं सांगायचं तर आधी हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून बसमध्ये गप्प राहिलो. असो.

पुढच्या वर्षापासून डेकर ती खोली परदेशातून येणाऱ्या मुलींनाच द्यायला लागला. आणि एक रात्र आधी या म्हणायला लागला. पहिल्या रात्रीच पोरी पळून जायच्या, करार मोडला म्हणून अनामत त्याच्या खिशात, आणि आठवड्यात खोली दुसऱ्या कुणाला. एका मुलीची पायाची दोन बोटं गेली, अनवाणी पळाली होती. भुताच्या जिवावर धंदा करणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. थू!

तर एफुआ दारात उभी. घाबरली नव्हती असं नाही. नंतर मला म्हणाली, अंकल, माझे दात इतके वाजत होते की मलाच लाज वाटत होती. पण त्या भीतीतही एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. 'आणि मी परत बाहेर.' तीन महिने तिने दुसरं काय ऐकलं होतं? खोली नाही. जागा नाही. बाहेर. आणि मग तिला आला राग. असा राग, की म्हणे कानांतून वाफा निघाल्या. डेकरचा आलाच. पण त्याहून जास्त स्वतःचा.

कारण तिच्या हातून चूक झाली होती. आमच्याकडे दारात कुणीही येवो, वैरी येवो, आधी बसायला द्यायचं. मग पाणी द्यायचं. पाणी पिऊन झालं की मगच विचारायचं, काय काम काढलंत? त्याआधी विचारणं म्हणजे माणसाला कुत्र्यासारखं हाकलणं. लहान पोरांनासुद्धा हे कळतं. आणि एफुआने इतक्या लांबून आलेल्या मुलीला दारातच उभं करून कागद मागितले होते. या गावाने तिला जसं वागवलं, अगदी तसंच.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "ऐकलंस? बाहेर गारठून मरायला मी इतका समुद्र ओलांडून आलेली नाही. ही खोली मी सोडणार नाही. तुझ्यासाठी नाही आणि त्याच्यासाठी तर मुळीच नाही."

मुलीने मान खाली घातली. बॅग उचलायला वाकली.

"मी तुला जा म्हटलं का?"

मुलगी थांबली.

एफुआने बॅगेतून दोन पेले काढले. बेसिनचं पाणी भरलं. अर्धं बाहेरच सांडलं. आमच्यात गेलेल्या माणसाला पाणी द्यायचं तर आधी जमिनीवर ओततात. तिने उंबऱ्यावर चार थेंब ओतले. मग खुर्ची पुढे ओढली. पेला खुर्चीसमोर ठेवला.

"आत ये. बस. पाणी घे... आणि मग सांग, कसं येणं केलंस."



दिवा बारीक झाला.

परत मोठा झाला.

मुलीने पाऊल उचललं. आवाज झाला नाही. उंबरा ओलांडला. खोलीतली सगळी ऊब एकदम गेली, खिडकी उघडावी तशी. ती आली... खुर्चीत बसली. फाइल मांडीवर ठेवली.

"मला कुणी आत बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

"आता बोलावलंय ना. आता दुपार होईपर्यंत इथून उठायचं नाही. तू पण नाही, मी पण नाही. बघू कोण उठवतंय ते."

अंगावर होते नव्हते तेवढे कपडे घालून, पांघरूण गुंडाळून एफुआ पलंगावर बसली. दिवा मालवला नाही. डोळे मिटले नाहीत. मधेच खुर्चीतून आवाज यायचा.

"दुपार झाली का?"

"नाही गं. सव्वादोन. थांब."

परत थोड्या वेळाने.

"दुपार झाली का?"

"साडेचार झालेत. थांब. मी आहे."

पहाटे पहाटे एफुआला रडू कोसळलं. भीतीने नाही म्हणे. ही एकवीस वर्षं हेच विचारतेय आणि कुणी हिला वेळसुद्धा सांगितली नाही, म्हणून. सात वाजता विचारलं, मग परत विचारलं नाही. आठला उजाडलं. उन्हाची तिरीप खुर्चीवर आली. खुर्चीत कुणी दिसलं नाही. पण खुर्चीजवळ हात नेला तर गारच लागायचं. म्हणून एफुआ उठली नाही.

साडेअकराला पोटात कावळे ओरडायला लागले. तिने खुर्चीकडे बघून सांगितलं, "मी खाली स्वयंपाकघरात आहे. दोन अंडी तळते आणि येतेच." दार नुसतं ओढून घेतलं आणि खाली गेली.

मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी उठून वॉलनट रस्त्याला गेलो. मागचं दार उघडं होतं. आत बघतो तर बाईसाहेब चुलीशी उभ्या, अंड्यावर शितो पसरतायत! मला बघून म्हणाल्या, "अंकल, जेवलात का?" मला तिथेच हुंदका आला. तिने मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं.

तेवढ्यात डेकर आला. हातात बादली, फडकी, शीळ घालत. खोली साफ करायला आला होता! तिला बघितलं आणि शीळ ओठांवरच राहिली.

"तू... अजून इथेच?"

"मग कुठे जाऊ? करार आजपासून आहे ना?"

"हे बघ, वरच्या खोलीत जरा अडचण आहे. पाइप फुटलाय. तुला आजच सोडावी लागेल. मी ती पाच तारखेपासून दुसऱ्या मुलीला... म्हणजे, दुरुस्तीला काढणार आहे."

"पाइप ठणठणीत आहे. नळ गळतो, ते लिहिलंय. हा घ्या फॉर्म, सही करा."

"सही-बिही काही नाही! मी कुलूप बदलतोय. तुझ्या बॅगा खाली आणतो."

"हात लावून बघा माझ्या बॅगांना!"

तो तणतणत वर निघाला. ती मागे. मी तिच्या मागे, गुडघ्यांचा आवाज करत. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा विद्यापीठाच्या मनोऱ्यात टोल पडायला लागले. डेकरने दार ढकललं. चार बोटं उघडलं आणि अडलं.

त्याने परत ढकललं.

आतून साखळी लावलेली होती. पितळेची. आम्हाला तिघांनाही दिसत होती.

आम्ही तिघेही बाहेर होतो.

"आत कोण आहे?" डेकर म्हणाला.

फटीतून गार हवा येत होती. त्याच्या हाताला लागली. त्याने हात मागे घेतला.

"भाडेकरू आहे," एफुआ म्हणाली. "तुमचीच. करार आहे तिच्याकडे. तुम्ही तिची चावी द्यायला विसरला होतात."

टोल चालूच होते. नववा... दहावा... डेकरचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. अकरावा. बारावा. तो खाली पायरीवर बसला. मटकन.

"मी या दाराला साखळी कधीच बसवलेली नाही," तो म्हणाला. आम्हाला नाही. स्वतःलाच.

"सही," एफुआ म्हणाली. फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला, पेन हातात दिलं. त्याने केली. बादली तिथेच टाकून खाली गेला. त्यानंतर एफुआ त्या घरात पाच वर्षं राहिली, डॉक्टरेट घेऊन बाहेर पडली, पण तिसऱ्या मजल्यावर तो परत कधी चढला नाही.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "चल गं, आता तरी माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "का? माझी खोली आहे. आणि आता तिचीही आहे." तिने दारावर बोटाने हलकेच टकटक केलं. आपण घरच्या माणसाला हाक मारतो ना, तशी हाक मारली.

"मारीसेल, मी आहे. उघड."

मग दार आपण होऊन लोटलं गेलं. टेकलं.

आतून साखळी काढल्याचा आवाज आला.